दीड हातावर अडलेल्या तलंगा

ज्यांच्या कोंबड्या दार उघडलं की पायात घुटमळतात, त्यांनी कोंबड्या माणसाळवण्याचं हे पुराण वाचलं नाही तरी चालेल. शेजारच्या काकींकडच्या गिरिराज तशाच आहेत. ती जातच मुळी बंगळूरला परसात पाळण्यासाठी तयार केलेली, अंगानं जड, स्वभावानं थंड. काकी धुणं धुवायला बसल्या की त्या बादलीभोवती गोळा होतात. मला मात्र हौस गावरानची. दसरा झाल्यावर आठवडी बाजारातून सात तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणि एक कोंबडा घरी आला. वय अडीच महिने, असं विकणारा म्हणाला. पाय सुतळीनं बांधलेले, मोटारसायकलच्या हँडलला उलटी लटकलेली आठ जनावरं. आणली आमच्या ह्यांनीच, त्यामुळे विकणाऱ्याला एकट्याला शिव्या घालून उपयोग नाही. उलटी धरलेली कोंबडी गप्प दिसते. ती गप्प बसलेली नसते, भीतीनं थिजलेली असते. तुम्ही आणायला जाल तेव्हा टोपली नाहीतर भोकं पाडलेलं खोकं घेऊन जा.

आमचं गाव पाटण तालुक्यात, परड्याच्या मागे ओढा आणि ओढ्यापलीकडे लगेच डोंगर. पहिले आठ दिवस त्यांना खुराड्यातच ठेवलं, म्हणजे घर कुठलं ते कळतं. ते सगळं बिनबोभाट झालं. नवव्या दिवशी सोडल्या, आणि संध्याकाळी मी काठी घेऊन त्यांना आत हाकलायला गेले. परिणाम असा की आठच्या आठ शेवग्यावर. रात्री उतरवायला शिडी लावली तर अजून वरच्या फांदीवर. तिसऱ्या सकाळी झाडाखाली नुसती पिसं पडलेली. रानमांजर असावं. सातातली एक तलंग गेली.

तेव्हा माणसाळवणं हा काही माझा लाडाचा कार्यक्रम नव्हता. बोलावल्यावर येणारी कोंबडीच दिवेलागणीला खुराड्यात जाते. न येणारी झाडावर जाते आणि एक दिवस खाली पिसं सापडतात.

काठी टाकली आणि पत्र्याचा डबा घेतला. डब्यात तांदळाची कणी खुळखुळवायची, तोंडानं टीऽ टीऽ टीऽ करायचं, आणि दाणा खुराड्याच्या दारात टाकायचा. चार दिवसांत डब्याच्या आवाजाला सगळ्या धावत यायला लागल्या, पाचव्या दिवशी संध्याकाळी आपल्या पायांनी आत गेल्या. इतकं सोपं होतं. मला वाटलं, झालंच आता. पोरानं तर नावंसुद्धा ठेवली: झिपरी, राणी, मानेला पिसं नाहीत ती बोडकी, अशी सगळी.

पण संध्याकाळी आत जाणं वेगळं आणि माणसाला जवळ येऊ देणं वेगळं. कोंबडीला उचलून बघता आलं पाहिजे. पंखाखाली उवा झाल्यात का, पायात काटा रुतलाय का, हे लांबून कळत नाही. माझ्या सात जणी (कोंबडाही जणींतच धरलाय) यायच्या, यायच्या, आणि माझ्यापासून बरोबर दीड हातावर थांबायच्या. जणू तिथं कोणी चुन्याची रेघ मारलीय. दाणा रेघेच्या पलीकडे टाकला की खायच्या, अलीकडे टाकला की मान लांबवून, पाय मागेच ठेवून, एक दाणा उचलून उडी मारून मागे. मी बोट हलवलं की सगळा घोळका फडफडत उकिरड्यापर्यंत.

हे तेवीस दिवस चाललं. तेवीस म्हणजे तेवीस, कॅलेंडरवर खुणा आहेत.

या तेवीस दिवसांत ज्यानं त्यानं सल्ला दिला. मुंबईच्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, रोज एकेकीला पकडून दहा मिनिटं मांडीवर घेऊन बस, सवय होते. दोन दिवस तसं केलं. पिल्लं चार-सहा दिवसांची असती तर जमलंही असतं, त्या वयात ती हाताला पटकन रुळतात. तीन महिन्यांच्या तलंगेला पकडायचं म्हणजे आधी पळवायचं, आणि पळवल्यावर मांडीवर कितीही कुरवाळा, तिच्या लेखी घारीनं धरलंय आणि अजून खाल्लं नाही एवढंच. तिसऱ्या दिवशी रेघ दीड हातावरून चार हातांवर गेली. आत्या (आमच्या सासूबाई) पडवीतून सगळं बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, तू त्यांच्या मागं कशाला पळतीस? बस की गप. त्यांना पाय न्हाईत व्हय?"

गप बसले. पण बसायचं कसं तेही शिकावं लागलं. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. ती काही नीट बघायची असेल तर मान तिरकी करून एका डोळ्यानं बघते. समोरून दोन्ही डोळे रोखून बघणारी जनावरं म्हणजे मांजर, मुंगूस, आणि मोबाईल धरून फोटो काढायला बसलेली मी. त्यामुळे तोंड ओढ्याकडे करून, त्यांच्याकडे कुशी करून बसायला लागले. वरून येणारा हात म्हणजे घार, हे तर डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हात जमिनीलगत, तळवा वर, आणि तो हात तिच्याकडे न्यायचा नाही. तो जमिनीवर पडलेलं लाकूड आहे असं समजायचं. हातात बांगड्या असतील तर काढा, चकाकलं की टोच बसते, अंगठीवर तर हमखास.

आणि कपडे. आम्ही बायका शेतात जाताना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतो, तसा मी निळ्या चौकड्यांचा घालून बसायचे. एकदा लग्नाहून आले ती काठापदराच्या साडीतच डबा घेऊन गेले, तर मला ओळखलंच नाही, चीत्कार करत पांगल्या. निळा शर्ट घातला की मग त्याच मी. तेव्हा मजा वाटली होती. हाच शर्ट पुढे महागात पडला.

तेविसाव्या दिवशी राणीनं रेघ ओलांडली. माझ्या टाचेजवळचा दाणा उचलला, मागे न पळता दुसरा उचलला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं.

आता इथं मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण अजून राग गेलेला नाही. विकणारा म्हणाला होता "सगळे डोस झालेत", कागद काही नाही. रानीखेत, म्हणजे आपली मानमोडी, आली की आठवड्यात खुराडं रिकामं होतं, हे लहानपणी बघितलंय. आणि डोस खरोखर झालेले असले तरी साधारण सोळाव्या आठवड्याला पुन्हा टोचतातच. लस येते शंभर डोसांच्या कुपीत, एकदा कालवली की दीड-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून सात कोंबड्यांसाठी कोणी कुपी फोडत नाही. मी दारोदार फिरून सहा घरांच्या मिळून नव्वदेक कोंबड्या जमवल्या. टोचायला येणारे म्हणाले, "सकाळी सातला पहिलं तुमच्याच घरी येतो, खुराडं उघडू नका." मी उघडलं नाही. सात वाजले. आठ वाजले. फोन केला, "निघालोच." नऊला फोन उचलला नाही. आत कोंबडा ओरडतोय, तलंगा जाळीवर धडका मारताहेत, पाणी सांडलेलं. रोज साडेसहाला सुटणाऱ्या जनावरांना दहापर्यंत कोंडून ठेवल्यावर माझाच जीव राहिना. साडेदहाला दार उघडलं. म्हटलं, आज काही हे येत नाहीत.

अकरा चाळीसला आले. "ताई, लवकर धरा, बर्फ वितळतोय."

पुढचा पाऊण तास मी, हे, पोरगा, काकींचा मुलगा आणि जुनी मच्छरदाणी. भर दुपारच्या उजेडात कोंबडीला सगळं दिसतं, माणसाला धाप लागते. झिपरी लाकडाच्या ढिगात घुसली, तिला ओढून काढताना शेपटीची पिसं माझ्या हातात आली. बोडकीचा पाय मुरगळला. सगळ्यांना एकेक सुई, सही, आणि ते पुढच्या घरी. उशीर का झाला याबद्दल एक शब्द नाही. आणि हे सगळं मी केलं निळ्या चौकड्यांच्या शर्टात.

दुसऱ्या दिवशी डबा खुळखुळवला. उकिरड्यामागून सात माना वर आल्या, शर्ट दिसला, सात माना खाली गेल्या. रेघ आता अंगणाच्या बाहेर होती. त्या संध्याकाळी चार जणी पुन्हा शेवग्यावर. मी पायरीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू. तेवीस दिवस एका माणसाच्या साडेचार तासांच्या उशिरात गेले.

नंतर आत्याच म्हणाल्या की कोंबडी धरायची ती रातीची. अंधारात कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही, दांडीवरून दोन्ही हातांनी पंख दाबून धरून उचलली की हूं का चूं करत नाही. आदल्या रात्री धरून डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, ठेवल्या असत्या तर सकाळी टोचणारे कितीलाही येवोत. हे त्यांनी आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, तू इचारलंस कुठं.

शर्ट बदलला. ह्यांचा तपकिरी घेतला आणि निळा पोत्यात कोंबून ठेवला. आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली, ती खरं तर पहिल्या दिवशी कळायला हवी होती. खुराड्यात दिवसभर खाद्याचं भांडं भरलेलं असायचं. पोट भरलेल्या कोंबडीनं माझ्या हातावरच्या चार दाण्यांसाठी जीव कशाला धोक्यात घालावा? पूर्ण वाढलेली कोंबडी दिवसाला साधारण शंभर-एकशेवीस ग्रॅम खाते, माझ्या तर अजून वाढायच्या होत्या. उपाशी ठेवायचं नाही, फक्त सकाळचं पहिलं खाणं भांड्यात न देता माझ्याजवळ द्यायचं. अर्ध्या तासानं भांडं भरायचंच.

आणि कणीऐवजी हुमणी. उकिरडा उकरला की शेणखतात त्या पांढऱ्या, वाकड्या, जाड अळ्या सापडतात. शेतकरी तिच्या नावानं बोटं मोडतो, कोंबडी तिच्यासाठी काहीही करते. रोज सकाळी आठ-दहा काढून वाटीत ठेवायचे. बसायला पाट घेतला, उकिडवं बसून पाय आखडले की मी हलायचे आणि सगळं मुसळ केरात.

पहिली आली ती राणी नव्हे, बोडकी. मुरगळलेल्या पायाची, सगळ्यांत खालच्या पायरीची. भांड्यावर तिला कोणी उभं राहू द्यायचं नाही, येईल ती टोचायची. तिला माझ्याकडून मिळणाऱ्या अळीची किंमत सगळ्यांत जास्त. लसीनंतर बाराव्या सकाळी ती लंगडत आली, माझ्या तळव्यावरची हुमणी उचलली, आणि तिथंच उभी राहून गिळली. मी श्वास रोखून ओढ्याकडे बघत बसले होते. बाकीच्या दोन हातांवरून माना तिरक्या करून हिच्याकडे बघत होत्या. पुढच्या आठवड्यात एकीचं बघून दुसरी, अशा पाच जणी हातावर खायला लागल्या. स्पर्श आधी छातीखाली करायचा, बोटांच्या मागच्या बाजूनं. पाठीवरून हात फिरवायचा तो फार नंतर. नंतर हात साबणानं धुवायचे, पोरांना तर बजावून सांगायचं.

एक चूकही कबूल करते. कोंबड्यालाही मी तितकंच लाडावलं. आता त्याची भीती पार गेली आहे आणि तो आत्यांच्या पोटऱ्यांना टोचतो. कोंबड्याला जरा लांबच ठेवा.

जानेवारीत अंडी सुरू झाली. झिपरी अजूनही दीड हातावरच थांबते, तिची अळी मी तिथंच टाकते.

परवा टोचणाऱ्यांचा फोन आला, सहा महिने होत आलेत, पुढचा डोस उद्या, सकाळी सातला येतो म्हणाले. रात्री बॅटरी बारीक करून सातही जणींना दांडीवरून उचलून डालग्याखाली ठेवलं, झिपरीसुद्धा गप आली. पहाटे पाण्याची वाटी सरकवली, दाणा टाकला. ते दहा वाजता आले. "ताई, पकडायला माणसं बोलवा," म्हणाले. मी डालगं दाखवलं आणि चहा टाकायला आत गेले. चहा फक्त आत्यांचा आणि माझा टाकला.