ब्लोअर फक्त चारवरच चालतोय? रेझिस्टर बघा, आणि तो का गेला तेपण बघा

एकवर काही नाही, दोनवर काही नाही, तीनवर पण शांतता, आणि चारवर नेलं की एकदम वादळ. आमच्या जुन्या हॅचबॅकच्या ब्लोअरचं, म्हणजे डॅशबोर्डमधून हवा फेकणाऱ्या पंख्याचं, यंदा ऐन पावसाळ्यात हे असं झालं. उन्हाळ्यात झालं असतं तर चारवरच ठेवून निभावलं असतं, पण ताम्हिणीत पावसात काचेवर आतून वाफ धरते तेव्हा एसी लावून हळू हवा काचेवर सोडावी लागते, आणि इथे एकतर पूर्ण बंद नाहीतर चार. चारवर मागे बसलेली आई म्हणते अरे कान दुखतायत, बंद करावं तर पुढचं दिसत नाही. थंडीत हीटरचंही तेच होणार, कारण हीटर आणि एसी दोघांचा पंखा एकच असतो.

तर, साध्या नॉबवाल्या गाड्यांमध्ये हे स्पीड कसे होतात ते आधी सांगतो, कारण ते कळलं की अर्धं काम झालं. मोटर एकच, बारा व्होल्टची. चारवर तिला बॅटरीचा करंट थेट मिळतो. तीन, दोन, एकवर मध्ये रेझिस्टरच्या, म्हणजे करंट अडवणाऱ्या, कॉइल येतात, तीनला एक, दोनला दोन, एकला तिन्ही, ओळीने जोडलेल्या. बहुतेक ठिकाणी त्याच लाइनमध्ये एक छोटा थर्मल फ्यूज असतो, फार गरम झालं की तो उडतो आणि मग खालचे सगळे स्पीड एकदम गायब. म्हणून फक्त चार चालत असेल तर नव्वद टक्के रेझिस्टर पॅक किंवा त्याचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लास्टिकचा प्लग. फक्त एक नंबर गेला असेल तर शेवटची कॉइल तुटलीय. उलट एक-दोन-तीन चालतात आणि चार नाही, तर रेझिस्टरला हातही लावू नका, स्विच, रिले, वायरिंग बघा. आणि काहीच चालत नसेल तर फ्यूज, अर्थिंग, मोटर.

आमच्याकडे रेझिस्टर डाव्या बाजूला ग्लव्ह बॉक्सच्या मागे, हवेच्या डक्टमध्ये खुपसलेला आहे. डक्टमध्ये का, तर वाऱ्याने थंड राहावा म्हणून. एक नंबरवर समजा चार अँपिअर जात असतील आणि तिन्ही कॉइल मिळून दोन ओहमच्या असतील तर बत्तीस वॅट उष्णता झाली, म्हणजे आपली घरातली पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न डॅशबोर्डच्या आत सतत चालू ठेवल्यासारखं. वारा मिळाला तर काही होत नाही. नाही मिळाला तर फ्यूज उडणारच.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, ग्लव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली पाडला, दोन स्क्रू आणि एक कपलर, बस. (हे दोन स्क्रू अशा कोनात आहेत की ते ज्याने डिझाइन केले त्याला एकदा स्वतः मान वाकडी करून काढायला लावलं पाहिजे.) मल्टिमीटर कंटिन्यूटीवर ठेवून थर्मल फ्यूजच्या दोन टोकांना लावला, बीप नाही, म्हणजे फ्यूज उडालेला. कॉइल दिसायला ठीक, मोजल्या तर ठीक. कपलरची एक पिन मात्र चॉकलेटी पडलेली आणि शेजारचं प्लास्टिक वितळून ओघळलेलं.

त्याआधी कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो होतो. तो म्हणाला साहेब, नवीन कशाला घेता, डायरेक्ट करून देतो, शंभर रुपयात काम, टेन्शन नाय. डायरेक्ट म्हणजे उडालेल्या थर्मल फ्यूजच्या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा. हे सगळीकडे सर्रास चालतं आणि गाडी चालते पण, म्हणून लोकांना वाटतं झालं की काम. पण तो फ्यूज तिथे आग लागू नये म्हणूनच ठेवलेला असतो हो! 2015 मध्ये ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉलच्या झाफिरा बी गाड्या पेटायला लागल्या, कंपनीने दोन लाखांहून जास्त गाड्या तपासायला परत बोलावल्या, आणि कंपनीने तेव्हा कारण सांगितलं ते हेच, रेझिस्टरच्या थर्मल फ्यूजची चुकीची दुरुस्ती. नंतर पुढच्या वर्षी पुन्हा बोलावल्या, मोटर आणि रेग्युलेटर बदलायला. म्हणजे नुसता फ्यूजचा दोष नव्हता, तो फ्यूज इतका तापण्याची वेळ का येते हाही प्रश्न होता.

आणि माझा मुद्दा तोच आहे. नवीन रेझिस्टर साडेचारशेला मिळाला, लावला, चारही स्पीड आले, इथे थांबलं तर काही महिन्यांत परत तेच. तेव्हा त्याच बैठकीत केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, ओढून काढा, कारण ती तुंबली की रेझिस्टरला वारा मिळत नाही. आमचा निघाला तो राखाडी गोधडीच झालेला. गाडी सोसायटीत गुलमोहराखाली उभी असते, त्याची ती बारीक पानं काचेखालच्या जाळीतून आत जातात आणि ओल्या हवेत फिल्टरवर थर बसतो. जुन्या बेसिक मॉडेलमध्ये तर कित्येकदा फिल्टरच नसतो, नुसती खाच असते, मग पानं सरळ पंख्यात.

मग ब्लोअरची मोटर खालून तीन स्क्रू काढून बाहेर घेतली. पंख्याच्या पात्यांमध्ये कचरा होताच, तो ब्रशने काढला. हाताने फिरवून बघा, सोडल्यावर थोडा वेळ मोकळा फिरत राहिला पाहिजे. खरखरत पटकन थांबत असेल तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी, सुकलाय, मोटर जास्त करंट ओढतेय, आणि कपलरची पिन जळते ती बरेचदा त्यानेच. आमचा जरा जड होता, शाफ्टच्या बुडाला शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडले तर सुटला. आवाज करत असेल किंवा आडवा हलत असेल तर तेल-बिल विसरा, मोटर बदला. जळलेला कपलर पण ठेवू नका, नवा कपलर वायरच्या शेपटीसकट मिळतो, तो नीट जोडा, नुसती टेप गुंडाळू नका.

नुसता थर्मल फ्यूज बदलायचा असेल तर जुन्यावर छापलेलं तापमान आणि अँपिअर बघून तसाच घ्या, आणि डाग देताना त्याची तार चिमट्याने धरा, नाहीतर सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो नवाकोरा फ्यूज उडतो.

ज्यांच्या गाडीत ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल आहे त्यांनी हे वाचून कॉइल शोधत बसू नका. तिथे बहुधा ट्रान्झिस्टरवालं मॉड्यूल असतं, आणि ते गेलं की पंखा एकतर अजिबात फिरत नाही किंवा फुल स्पीडला अडकून बसतो, कधी कधी चावी काढली तरी.