थायरॉइड 'वाढलंय' म्हणजे नक्की काय वाढलंय?

गणपतीच्या आधी आईचा रिपोर्ट आला. टीएसएच ११.२. आधीच्या वर्षी ३ च्या आसपास होता. मी राहते वाकडला, आई सदाशिव पेठेत, त्यामुळे रविवारी गेले तेव्हा कळलं की बाईसाहेब चार दिवस थायरॉइडची गोळी अर्धीच घेतायत. "अगं थायरॉइड वाढलंय ना, मग अजून गोळी कशाला?"

मला धस्सच झालं, पण खरं सांगू, चूक तिची नाहीये, आपण सगळेच असं बोलतो. टीएसएच थायरॉइडचं हार्मोन नाहीच, ते मेंदूच्या तळाशी असलेली पिच्युटरी ग्रंथी सोडते, थायरॉइडला कामाला लावायला. मी आईला म्हटलं, दूधवाला दूध कमी टाकायला लागला की तू त्याला जास्त फोन करतेस ना, टीएसएच म्हणजे ते फोन, फोन वाढले म्हणजे दूध वाढलं नव्हे. तिचं फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं खरं हार्मोन, अगदी खालच्या कडेला होतं, म्हणजे हार्मोन कमीच पडत होतं आणि त्यात गोळी अर्धी!

मग डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं गोळी ७५ मायक्रोग्रॅमची १०० ची करतील. त्यांनी आधी विचारलं, सकाळी गोळीबरोबर अजून काय घेता? तेव्हा निघालं, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम ती विसरायला नको म्हणून थायरॉइडच्या गोळीबरोबरच घ्यायची, आणि वर लगेच चहा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या हार्मोनला, आतड्यात धरून ठेवतात, ते रक्तात नीट जातच नाही, म्हणून मधे ४ तास हवेत. आणि गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने.

डोस ७५ च ठेवला, पूर्ण गोळी परत सुरू, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. मला पुढच्याच आठवड्यात परत टेस्ट करायची घाई झालेली, पण या हार्मोनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात आणि टीएसएच त्याहून सावकाश हलतं, त्यामुळे काहीही बदल केला की ६ ते ८ आठवडे थांबायचं. आधी काढलेला आकडा उगाच घाबरवतो.

हो, आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला जायच्या आधी डॉक्टरांना नक्की सांगा, निदान दोन दिवस बंद ठेवायला सांगतात, काही मशीनवर त्याने टीएसएच खोटंच कमी दिसतं. आईचं रक्त आम्ही सकाळी, गोळी घ्यायच्या आधी, त्याच लॅबमध्ये दिलं.

दिवाळीनंतर रिपोर्ट आला, ३.१. परवा सारसबागेत तिची मैत्रीण म्हणाली, माझंही थायरॉइड वाढलंय गं, तर आईने लगेच विचारलं, "टीएसएच की टी४? आणि कॅल्शियम कधी घेतेस?"