शेवटच्या पानावरून भाचीशी भांडण

"मावशी, माझ्या प्रतीत पानं कमी आहेत का गं?" 'द गिव्हर' संपवून भाचीनं तणतणत फोन केला. पानं पूर्ण होती. लोइस लोरींची ही १९९३ ची कादंबरी संपतेच तशी. (पुढे शेवट फोडलाय. वाचायची असेल तर इथूनच मागे फिरा.)

बारा वर्षांच्या जोनसच्या वस्तीत दुःख नाही, रंग नाहीत, कसली निवडही नाही. साऱ्या जुन्या आठवणी एका म्हाताऱ्याजवळ, तो त्या जोनसमध्ये उतरवतो. तान्ह्या गेबला 'मुक्त' करणार, म्हणजे मारून टाकणार, हे कळल्यावर जोनस त्याला घेऊन सायकलवरून पळतो. शेवटी बर्फ, भूक, टेकडी, टेकडीवर घसरगाडी, खाली दिवे आणि गाण्याचे सूर. लगेच शेवटचं वाक्य: कदाचित तो नुसता प्रतिध्वनी असेल. झालं, संपलं पुस्तक!

भाचीच्या मते तो गारठून मेला आणि हे सगळे मरतानाचे भास. पुरावा तयार होता: घसरगाडी ही त्याला मिळालेली पहिलीच आठवण, झाडांवरचे रंगीत दिवेही नाताळच्या आठवणीतले. म्हणजे डोक्यातलाच जुना माल. पोरगी वाचते मात्र नीट.

पण मग गाण्याचं काय? निघण्याआधी म्हातारा त्याला संगीताची आठवण देऊ करतो आणि जोनस म्हणतो, नको, ती तुमच्याजवळच राहू दे. म्हणजे टेकडीवर जे ऐकू आलं ते त्याच्या गाठोड्यात नव्हतंच. आणि इतका पक्का धागा हाती देऊन लोरी शेवटच्या वाक्यात तोही सैल करतात. मला हे जाम आवडतं. जोनस वाचला की नाही, यावर माझं काहीच अडत नाही. सुखरूप, बिनरंगी जगणं सोडायचं का, हा या गोष्टीचा प्रश्न; त्याचं उत्तर सायकलवर टांग टाकली तेव्हाच मिळालं.

मग भाचीनं शोधून काढलं की लोरींच्याच २००४ च्या 'मेसेंजर' कादंबरीत जोनस जिवंत आहे. असेना! अकरा वर्षांनी आलेलं उत्तर मी या पुस्तकाच्या खात्यात धरत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. जोनस लांब गेला की त्याच्या आठवणी वस्तीवर कोसळणार, हा त्याचा आणि म्हाताऱ्याचा बेत. दहा वर्षांपूर्वी, जोनसच्या आधी आठवणी घेणारी रोझमेरी गेल्यावर, तिच्या फक्त पाच आठवड्यांच्या आठवणी परतल्या, तर लोक सैरभैर झाले होते. आता जवळजवळ वर्षभराच्या येणार. त्यांना सावरायला म्हातारा मागे राहतो. जोनसच्या बापानं जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला स्वतःच्या हातानं सुई टोचून मारलं होतं, वर लाडानं 'बाय-बाय'ही म्हटलं होतं. आपण काय केलं ते त्याला आता समजणार. त्या घरातली ती रात्र मला वाचायची होती. लोरी तिकडे फिरकतच नाहीत. मी मार्क कापते ते तिथे.