लाटणं आणि दोरी

गोष्ट हसण्यासारखीच आहे, पण दुपारपासून घशाशी अडकलीय.

लायब्ररीतून वॉटर स्कीइंगचं पुस्तक आणलंय. पायांना फळ्या, हातात बोटीला बांधलेली दोरी, बोट ओढेल तसं पाण्यावर उभं राहून घसरत जायचं. पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर सराव करा, असं त्यात आहे. गुडघे छातीशी, हात सरळ. समोरच्यानं दोरी ओढायची. आपण उठायची घाई करायची नाही, ओढलं जाऊ द्यायचं. हात वाकवले की तोल गेलाच. खरी दोरी ७५ फुटांची असते. मी कपडे वाळत घालायची घेतली, लाटण्याला बांधली, टोक यांच्या हातात दिलं. दोनदा हात वाकले. तिसऱ्यांदा बूड जरा उचललं गेलं आणि फोन वाजला. दोरी टाकून हे बोलत बोलत गॅलरीत. मी धपकन फरशीवर.

सांगून सोडली असती तरी चाललं असतं. टाकली.

पडलात तर हँडल लगेच सोडा, नाहीतर फरफटाल, हे पुस्तकात पुन्हा पुन्हा येतं. पण सोडायचं ते मागच्यानं. बोटीनंच दोरी टाकली तर काय करायचं, यावर एक ओळ नाही. उलट चालवणाऱ्याची नजर पुढे, म्हणून बोटीत आणखी एक माणूस मागे तोंड करून बसवतात. त्याचं काम मागच्याकडे बघत राहायचं. एवढंच. ते वाचताना उगाच डोळे भरून आले. या वयात... जाऊ दे.

आणि शिकून बडोद्यात करणार कुठे? सूरसागर तलावात? विश्वामित्री नदीत उतरले तर मगरी बघून पहिल्या झटक्यात उभी राहीन म्हणा.

१९२२ साली अमेरिकेत लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन पहिल्यांदा असा उभा राहिला. अठरा वर्षांचा पोरगा. फळ्यांची टोकं आईच्या भांड्यात उकळून वाकवलेली. कितीदा तरी पडला, मग टोकं पाण्याबाहेर ठेवून मागे रेलला तेव्हा जमलं. बोट भाऊ चालवत होता. भावाच्या खिशात मोबाइल नव्हता, हेही खरं. मला त्या आईचं वाटतं. नंतर तिनं त्या भांड्याचं काय केलं असेल?

संध्याकाळी आई म्हणाल्या, "लाटणं का गं फरशीवर?" सांगितलं. काठी भिंतीला टेकवून त्या पलंगाच्या कडेला बसल्या, दोरीचे मनगटाला दोन वेढे घेतले. "हं. कर काय ते."

जोर लावला असता तर त्याच माझ्या अंगावर आल्या असत्या. हात आपोआप सरळ राहिले. उठले मात्र नाही. दोघी बराच वेळ तशाच बसलो.

पुस्तक बुधवारी मांडवीच्या लायब्ररीत परत द्यायचंय. मुदत वाढवून मिळते का विचारते. लाटणं धुऊन ठेवलं.