आमची वाटचाल : व्हॉट्सअ‍ॅपच्या वहीपासून स्वतःच्या ऑनलाइन दुकानापर्यंत

आमचा कांदा-लसूण मसाला, घर कोल्हापूरचं. आई नि काकू उन्हाळ्यात गच्चीवर मिरची वाळवायच्या, तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी, मग डंकावरनं कुटून आणायचं आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना डबे जायचे. 2020 च्या लॉकडाऊननंतर पाहुण्यांचे शेजारीपण मागायला लागले, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर यायची नि मी वहीत लिहायचो. एकदा एकाच पत्त्यावर दोन पार्सलं गेली आणि सांगलीच्या एका काकूंचं राहूनच गेलं, तेव्हा म्हटलं बास, आता नीट दुकान पाहिजे.

पहिल्यांदा एका मोठ्या मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेकांचा माल एकाच ठिकाणी विकणाऱ्या साइटवर गेलो. जीएसटी नंबर, खाण्याच्या मालाला लागणारी एफएसएसएआयची परवानगी, सगळं काढलं, ऑर्डरी पण आल्या, पण कमिशन नि शिपिंग वजा जाता पाकिटामागं फार थोडं उरायचं. त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाईक कोण तेच कळायचं नाही. मसाल्याचं गिऱ्हाईक दरवर्षी परत येतं हो, त्याचा नंबरच नसेल तर नवीन मसाला झाला हे सांगायचं कुणाला?

मग स्वतःच्या दुकानासाठी शॉपिफाय (भाडं भरून मिळणारं तयार ऑनलाइन दुकान) आणि वूकॉमर्स (वर्डप्रेसवर बनवलेल्या वेबसाइटला दुकान जोडणारं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर) दोन्ही करून बघितलं. शॉपिफायवर एका संध्याकाळात दुकान उभं राहिलं, खरंच सोपं आहे, पण गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायची त्यांची स्वतःची सोय भारतात मिळत नाही, बाहेरचा गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) जोडला की बेसिक प्लॅनला गेटवेच्या चार्जवर आणखी 2 टक्के शॉपिफायचे. वूकॉमर्स फुकट आहे म्हणतात, ते प्लगइनपुरतं, होस्टिंग (साइट ठेवायची जागा), डोमेन (साइटचं नाव), बॅकअप, अपडेट सगळं आपल्या गळ्यात. माझ्या भाच्याला वर्डप्रेस येतं म्हणून आम्ही तिकडं गेलो, घरात असं कुणी नसेल तर मी शॉपिफायच घ्या म्हणेन.

पण खरा घोळ वजनाचा. कुरिअरचा स्लॅब अर्ध्या किलोचा असतो, आमचं पाकीट 500 ग्रॅमचं, पाऊच, बॉक्स, टेप धरून काट्यावर 570 भरायचं, म्हणजे चार्ज सरळ एक किलोचा! दोन महिने हे लक्षातच आलं नाही. मग 400 ग्रॅमचं पाकीट केलं, बॉक्ससकट 470 बसतं, आणि वजनावर शिपिंग लावणारं वेगळं प्लगइन घेतलं. प्लॅटफॉर्म निवडताना आधी पार्सल काट्यावर ठेवा, डिझाइन नंतर बघा.

कॅश ऑन डिलिव्हरी फक्त जुन्या गिऱ्हाइकांना ठेवलीय, कारण परत आलेलं पाकीट आम्ही पुन्हा विकत नाही.

आईला अजून फोनवरच ऑर्डरी येतात, "मागच्यासारखा, तिखट जरा कमी" अशा. त्या ऑर्डरी बायको रात्री दुकानाच्या अ‍ॅडमिनमधून टाकते, म्हणजे स्टॉक एकाच ठिकाणी दिसतो, आणि तिखट कमीचं ऑर्डर नोटमध्ये लिहिलं की पॅकिंगला बसलेल्या काकूंपर्यंत पोचतं.