सरांचे सर कोण?

गावाकडून मला जपानबद्दल जे विचारतात त्यात भूकंप आणि पगार सोडला तर हल्ली तिसरा प्रश्न कराटेचा असतो. मालवण, कुडाळ, कणकवली, कुठेही जा, क्लासचे बॅनर लागलेत, उन्हाळी शिबिरं, मुलींसाठी स्वसंरक्षण वगैरे, आणि मुलं मोबाईल सोडून घाम गाळतायत हे चांगलंच आहे. पण त्या बॅनरवर सरांच्या नावापुढे जे लिहिलेलं असतं ते वाचून आईबापांनी नक्की काय समजायचं? ग्रँडमास्टर, टेन्थ डॅन (ब्लॅक बेल्टची दहावी पायरी), चारशे वर्षांच्या सामुराई परंपरेचे वारसदार. आमच्या वहिनीने मला अशाच एका सरांच्या सर्टिफिकेटचा फोटो पाठवला आणि सोबत व्हॉइस मेसेज, "गो, तू जपानात रवतंस मां, मगे सांग बघया, ह्यां खरां आसा काय?"

फोटो मोठा करून बघितला. सोनेरी बॉर्डर, वाघ, लाल गोल शिक्का. देणाऱ्या संस्थेचा पत्ता नाही, नोंदणी नंबर नाही, परीक्षा कोणी घेतली ते नाही. शिक्क्यात संस्थेचं नाहीतर माणसाचं नाव असायला हवं, तिथे जपानीत नुसतं "कराटे" लिहिलंय.

मी टोकियोत घराजवळच्या एका छोट्या डोजोत, म्हणजे तालमीत, शिकते. आत गेल्यावर डाव्या भिंतीवर लाकडाच्या पट्ट्या टांगलेल्या दिसतात, दोन बोटं रुंद, प्रत्येकीवर ब्रशने एकेकाचं नाव. सगळ्यात उजवीकडे सेन्सेई, म्हणजे सर, मग ग्रेडप्रमाणे बाकीचे. परीक्षा पास झालात की सगळ्यांदेखत तुमची पट्टी खिळ्यावरून निघते आणि उजवीकडे सरकते. कोण कुठे आहे आणि तिथे त्याला कोणी बसवलं हे चप्पल काढायच्या आधीच कळतं. आमच्या सेन्सेईंना विचारलं की तुम्ही कोणाकडे शिकलात तर ते नाव सांगतात, गाव सांगतात, आणि पुढे त्यांच्यापासून वेगळे का झालो तेसुद्धा सांगतात.

आता चारशे वर्षांचं बघू. डॅन ही पद्धतच मुळात सामुराईंची नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात ज्युदोची कोडोकान ही संस्था सुरू केली तेव्हा ते एकविशीतले होते, आणि १८८३ मध्ये त्यांनी आपल्या दोन शिष्यांना, सायगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो यांना, पहिल्यांदा डॅन दिला, तीही कल्पना गो नावाच्या पटावरच्या खेळातून घेतलेली. कराटे ओकिनावाचं, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचं. गिचिन फुनाकोशी ते १९२२ मध्ये टोकियोला घेऊन आले आणि कराटेतले पहिले डॅन त्यांनी १९२४ मध्ये दिले, म्हणजे ज्युदोकडून उचलून. ओकिनावातली विद्या त्याहून जुनी आहे यात वाद नाही, पण तिथे बेल्ट आणि कागद नव्हते. खरोखर जुन्या शाळा, ज्यांना र्‍यू म्हणतात, जपानात आहेत, कातोरी शिंतो-र्‍यू पंधराव्या शतकातली आहे, पण तिथली रीत वेगळी, बोटाच्या रक्ताचा ठसा देऊन शपथ घ्यायची आणि टप्प्याटप्प्याने हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या मिळवायच्या. त्यामुळे सामुराई काळापासूनचा टेन्थ डॅन कोणी सांगत असेल तर त्याला ना सामुराई माहीत ना डॅन.

आणि टेन्थ डॅन म्हणजे काय चीज आहे बघा. कोडोकानने स्वतः तो आजवर फक्त १५ जणांना दिलाय, १८८२ पासून. केंडोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, तर आता आठव्याच्या वर डॅनच नाही, आणि आठव्याच्या परीक्षेला बसायलाच वय किमान ४६ लागतं, बसतात त्यातल्या शंभरातला एखादा पास होतो. कराटेत संस्थाच इतक्या की कोणी कोणाला काय द्यावं यावर एकच असा धनी नाही, म्हणून तर आकडा फुगवणं सोपं जातं.

पण म्हणून परंपरा वगैरे सगळं थोतांड असं जर कोणी म्हणत असेल तर मला ते अजिबात पटत नाही. कानोंना डॅन कोणी दिला? कोणीच नाही, फुनाकोशींनाही नाही. प्रत्येक परंपरेच्या मुळाशी कागद नसलेला एक माणूस असतोच. फरक हा की कानो उघड सांगत होते की मी तेन्जिन शिन्यो-र्‍यू आणि किटो-र्‍यू शिकलो, आणि त्यांचे शिष्य दुसऱ्या शाळांच्या लोकांसमोर मॅटवर उतरत होते. नवीन असणं हा दोष नाहीच, नव्याला जुनं म्हणून विकणं हा दोष.

मला या सगळ्यात सगळ्यात आवडते ती सोकाकू ताकेदा यांची वही. दाइतो-र्‍यूचे हे गुरू, १९४३ मध्ये वारले, आयुष्यभर गावोगाव फिरून शिकवलं आणि जिथे शिकवलं तिथल्या शिष्याचं नाव, पत्ता, शिक्का वहीत घ्यायचे, पैसे मिळाले त्याची नोंद वेगळ्या वहीत. पुढे ऐकिडो उभं करणारे मोरिहेई उएशिबा १९१५ मध्ये होक्काइदोत त्यांना भेटले, त्यांचं नाव त्या वहीत आहे, आजही दाखवता येतं. कोरियातल्या हापकिडोचे मूळ गुरू चोई योंग-सुल म्हणायचे की मीही ताकेदांकडेच शिकलो, पण वहीत त्यांचं नाव सापडलेलं नाही. त्यांनी शिकवलेलं तेवढ्याने खोटं ठरत नाही, हापकिडोवाले आजही समोरच्याला उत्तम उचलून आपटतात, दावा मात्र अधांतरी राहतो आणि तो तसाच अधांतरी म्हणून सांगायला हवा.

खऱ्या परंपराही फुटतात बरं का, खूप फुटतात. फुनाकोशी १९५७ मध्ये गेले तर अंत्यविधी कोणी करायचे यावरून शिष्यांत फूट पडली. चोजुन मियागी १९५३ मध्ये गेले आणि कराटेतल्या गोजू-र्‍यूचा वारस कोण यावर अजून एकमत नाही. मासुतात्सु ओयामा १९९४ मध्ये गेल्यावर त्यांच्या मृत्युपत्रावरून कोर्टकचेरी झाली आणि त्यांच्या क्योकुशिन कराटेचे इतके गट झाले की नावं लक्षात राहत नाहीत. म्हणून "आमचाच गट ओरिजिनल" असं कोणी सांगितलं की मी पुढचं ऐकते पण त्यावर भरवसा ठेवत नाही.

ब्राझीलचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. कोडोकानचे मित्सुयो माएदा १९१४ मध्ये तिकडे पोचले, त्यांच्याकडून ग्रेसी घराणं शिकलं आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणजे ग्रेसी असंच जगाला माहीत झालं. पण माएदांचीच दुसरी फांदी लुईस फ्रान्सा आणि त्यांचे शिष्य ओस्वाल्दो फाद्दा यांची, फाद्दा रिओच्या गरीब उपनगरात ज्यांना फी परवडत नाही त्यांना शिकवायचे, आणि १९५० च्या दशकात त्यांच्या पोरांनी ग्रेसी अकॅडमीच्या पोरांना लढतीत हरवलं. मोठं आडनाव नव्हतं, पण गुरूचं नाव होतं आणि मॅटवर उत्तर होतं.

आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगायची खरं तर गरज नाही. डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या, पोस्टरवर बुवाच्या नावाखाली कोणाचे शिष्य ते छापलेलं असतं, आणि बुवा गजर लावतो तेव्हा समोर बसलेला म्हातारा लगेच ओळखतो की ही चाल त्याच बुवांकडची की इकडून तिकडून उचललेली. हाच कान क्लासला पोर घालताना लावायचा, एवढंच.

वहिनीला मी तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. सरांचे सर कोण आणि त्यांचा फोन नंबर मिळेल का, बेल्ट एक्झाम घ्यायला कोण येतं, आणि एक्झामच्या फीची पावती कोणाच्या नावाने मिळते. सोनेरी बॉर्डरवाल्या क्लासमध्ये पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळालं की आमच्या गुरूंचं नाव बाहेर सांगत नाहीत. मग ती मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या वाळूत जे सर शिकवतात त्यांच्याकडे गेली, मासेमारीवाल्या घरातला मुलगा, सेकंड डॅन, बॅनर नाही. त्याने मोबाईल काढून लालबागच्या आपल्या सरांचा नंबर तिथेच दिला. दादाने फोन लावला तर ते म्हणाले, हो, माझाच पोरगा, फर्स्ट डॅनला पहिल्या खेपेला मी त्याला नापास केलेला, काता (ठरलेल्या हालचाली) पाठ होती पण पाय हलके होते, पुढच्या वर्षी परत आला तेव्हा पास झाला.

पुतणी आता त्याच्याकडेच जाते. यलो बेल्टची एक्झाम घ्यायला लालबागचे सर स्वतः कोकणकन्येने येणार आहेत, आणि मी दादाला सांगून ठेवलंय की त्या दिवशी होडीचं काम असलं तरी सोड आणि पहिल्या पोरापासून शेवटच्या पोरापर्यंत तिथे बसून बघ, कोणाला पास करतायत आणि कोणाला परत पाठवतायत ते.