दप्तरातली वही

कुटुंब न्यायालयात समुपदेशक आहे मी. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याचा भर समेटावर आहे, पण समेट म्हणजे दर वेळी संसार पुन्हा जुळणं नव्हे. आज एक आई-बाबा पहिल्यांदाच अर्धा तास न भांडता बसले. (त्यांना विचारूनच लिहितेय.) निमित्त, लेकीच्या दप्तरातून दोन्ही घरी फिरणारी शंभर पानी वही.

आईचं अक्षर: ‘ताप 101. औषध रात्री 9 ला दिलं.’
खाली बाबाचं: ‘ताप उतरला. वरणभात खाल्ला.’

आजवर हे निरोप सात वर्षांची ती पोरच पोचवायची, दोघांचे चेहरे बघत बघत. फार जड ओझं होतं ते.

निघताना त्याने विचारलं, “सुट्टीत आजीकडे नेऊ तिला?”
“ने. स्वेटर देते बरोबर.”